सर्व्हरचे नेटवर्क कार्ड आणि स्विच यांच्यातील जोडणी बिघडल्यास तपास कसा करावा

सर्व्हर आणि स्विच यांच्यातील जोडणी बिघडली की बहुतेक ठिकाणी तपास एकाच टोकाकडून सुरू होतो आणि तिथेच अडकतो. सर्व्हर सांभाळणाऱ्याला आपल्या पडद्यावर सगळे ठीक दिसते म्हणून तो स्विचकडे बोट दाखवतो, नेटवर्क सांभाळणाऱ्याला पोर्ट चालू दिसते म्हणून तो सर्व्हरकडे बोट दाखवतो, आणि दोघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. पाठवलेली फ्रेम (माहितीचा एक तुकडा) वाटेत बिघडली हे पाठवणाऱ्याला कळत नाही. ते फक्त घेणाऱ्याच्या मोजणीत उमटते. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरी दोन्ही टोकांवर एकाच वेळी करायची आहे, आणि शक्य असेल तर सर्व्हर व स्विच पाहणाऱ्या दोन व्यक्तींनी फोनवर जोडलेले राहून ती करायची आहे. उदाहरणे लिनक्स सर्व्हर आणि व्यवस्थापन करता येणारा स्विच यांची घेतली आहेत. विंडोज सर्व्हरवर कमांड वेगळ्या असल्या तरी तपासाचा क्रम तोच राहतो.

हात लावण्यापूर्वी

सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचा मोह पहिल्या पाच मिनिटांत होतो आणि तो टाळावा. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की कार्डावरील चुकांची मोजणी शून्यावर येते, ड्रायव्हर नव्याने चढतो, आणि दोष तात्पुरता नाहीसा झाला तर तो का आला होता हे शोधण्याचा मार्गच बंद होतो. त्याऐवजी ‘ईथटूल’ ही कमांड इंटरफेसच्या (सर्व्हरवरील नेटवर्क पोर्टच्या) नावासह चालवून वेग, डुप्लेक्स (पाठवणे व घेणे एकाच वेळी चालते, म्हणजे फुल, की आळीपाळीने, म्हणजे हाफ) आणि लिंक सापडली की नाही हे नोंदवावे. त्याच कमांडला लहान ‘आय’ हा पर्याय दिला की ड्रायव्हर व फर्मवेअरची आवृत्ती मिळते आणि मोठा ‘एस’ दिला की कार्डाची सविस्तर मोजणी मिळते. कर्नलचा लॉग ‘डीमेसेज’मधून फाइलमध्ये काढून ठेवावा. स्विचवर त्या पोर्टची स्थिती, चुकांचे आकडे आणि गेल्या काही तासांचा लॉग तसाच जतन करावा. दोन्ही उपकरणांची घड्याळे जुळत नसतील तर फरक किती सेकंदांचा आहे तेही लिहावे, कारण कोणत्या टोकाने आधी तक्रार केली हा पुढे कळीचा प्रश्न ठरतो.

यानंतर आपण पाहत आहोत ते पोर्ट खरोखर तेच आहे का, याची खात्री करावी. हे बाळबोध वाटेल, पण चुकीच्या पोर्टवर तासन्‌तास घालवल्याचे प्रसंग मी अनेकदा पाहिले आहेत. ‘ईथटूल’ला लहान ‘पी’ पर्याय दिला की बहुतेक कार्डांवर त्या पोर्टचा दिवा लुकलुकतो आणि सर्व्हरच्या मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला ते लगेच ओळखता येते. ती केबल स्विचच्या कोणत्या पोर्टमध्ये जाते हे एलएलडीपी (शेजारच्या उपकरणांनी एकमेकांना ओळख देण्याची पद्धत) सांगते. मात्र इंटेलच्या ७०० मालिकेसारख्या काही कार्डांत फर्मवेअरच एलएलडीपीची पॅकेट स्वतःकडे ठेवून घेते, त्यामुळे सर्व्हरवर शेजारी दिसला नाही म्हणून लगेच केबलवर संशय घेऊ नये. लिंक बंद असेल तेव्हा एलएलडीपीचा उपयोग नसतो. मग केबलवरची लेबले आणि स्विचच्या पोर्टवर लिहिलेले वर्णन यांचाच आधार उरतो.

नावांचाही एक घोळ असतो. २०१३ पासून सिस्टिमडी (लिनक्समधील सेवा सांभाळणारी प्रणाली) इंटरफेसला कार्डाच्या जागेवरून नाव देते. कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात हलवले, किंवा नवे कार्ड बसवल्याने पीसीआय बसचे क्रमांक सरकले, की नाव बदलते आणि आयपी पत्त्याची जुनी मांडणी अस्तित्वात नसलेल्या नावाला चिकटून राहते. अशा वेळी केबल, कार्ड आणि स्विच तिन्ही निर्दोष असतात.

लिंक आहे की नाही

‘आयपी लिंक’च्या उत्तरातील दोन अवस्थांमध्ये फरक करणे आवश्यक आहे. इंटरफेस ‘डाउन’ असेल आणि त्याला ‘अप’ ही खूण नसेल, तर तो सर्व्हरवरच बंद ठेवलेला आहे आणि एका कमांडने चालू होईल. ‘अप’ असूनही ‘नो-कॅरिअर’ लिहिलेले असेल, तर सर्व्हर तयार आहे पण समोरून संकेत येत नाही. स्विचवरही असेच दोन प्रकार आहेत: कोणीतरी मुद्दाम बंद केलेले पोर्ट आणि लिंक न मिळालेले पोर्ट. तिसरा प्रकार, ज्याला अनेक स्विच ‘एरर-डिसेबल्ड’ म्हणतात, तो स्विचने स्वतःच्या संरक्षणासाठी पोर्ट बंद केल्याचा असतो. ते पोर्ट नुसते पुन्हा चालू करण्याआधी कारण वाचावे. बहुधा सर्व्हरवरील व्हर्च्युअल ब्रिजने स्पॅनिंग ट्रीचे (नेटवर्कमधील वर्तुळाकार वाटा रोखणाऱ्या यंत्रणेचे) संदेश पाठवलेले असतात, किंवा पोर्टवर मान्य असलेल्या संख्येपेक्षा जास्त मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे ओळख-क्रमांक) दिसलेले असतात. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरवर दोन्ही गोष्टी अगदी सहज घडतात.

दिव्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. काही सर्व्हरांमध्ये दूरस्थ व्यवस्थापनाची चिप मुख्य कार्डाचे एक पोर्ट वाटून घेते, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम बंद असतानाही त्या पोर्टचा दिवा जळत राहतो.

इंटरफेसच दिसत नसेल तर प्रश्न केबलच्या अलीकडचा आहे. ‘एलएसपीसीआय’मध्ये कार्ड दिसते का आणि त्याला ड्रायव्हर जोडलेला आहे का, हे पाहावे. याच कमांडच्या सविस्तर उत्तरात कार्डाची क्षमता आणि प्रत्यक्ष मिळालेली पीसीआय रुंदी (माहिती नेणाऱ्या लेनची संख्या) वेगवेगळ्या ओळींत असते. आठ लेनचे कार्ड चार लेन जोडलेल्या स्लॉटमध्ये बसले असेल, तर लिंक पूर्ण वेगाची दाखवली जाते, एकही चूक मोजली जात नाही, आणि तरीही माहिती अपेक्षित वेगाने जात नाही.

तांब्याची केबल

गिगाबिट इथरनेट चारही जोड्यांवर चालते; १०० मेगाबिटला १, २, ३ आणि ६ या तारांच्या दोनच जोड्या पुरतात. म्हणून ४-५ किंवा ७-८ या जोडीतील एक तार सुटली की अनेक कार्डे लिंक सोडून न देता १०० मेगाबिटवर उतरतात. सर्व्हर चालतो, पिंग चालते, पण बॅकअप रात्रीतून संपत नाही, आणि तक्रार ‘सर्व्हर मंद झाला’ अशी येते. ‘ईथटूल’मध्ये १००० ऐवजी १०० दिसले तर सेटिंग बदलण्याआधी केबल बदलावी.

केबल चाचणीच्या साध्या यंत्रावर विसंबण्याचा एक धोका सांगितलाच पाहिजे, कारण आपल्याकडे पुष्कळ केबल जागेवरच क्रिंप केल्या जातात. तारा दोन्ही टोकांना सारख्याच क्रमाने लावल्या, पण जोड्यांचा नियम न पाळता सरळ एकामागून एक लावल्या, तर यंत्राचे आठही दिवे ओळीने लागतात आणि केबल उत्तीर्ण ठरते. प्रत्यक्षात मात्र ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या नसतात. त्या दोन वेगळ्या जोड्यांतून आलेल्या असतात, आणि पिळामुळे मिळणारे बाह्य गोंगाटापासूनचे संरक्षण नाहीसे होते. आखूड केबलवर कमी वेगाने ती चालूनही जाते. वेग किंवा लांबी वाढली की सीआरसी चुका (फ्रेम वाटेत बिघडल्याच्या नोंदी) दिसू लागतात. एका संस्थेच्या सर्व्हर-खोलीत मी स्वतः नवे कार्ड मागवण्याची शिफारस करून बसलो होतो, आणि दोष अशाच एका सुबक दिसणाऱ्या केबलचा निघाला. तेव्हापासून सर्व्हरसाठी कारखान्यात तयार झालेली केबलच वापरावी, असे माझे ठाम मत आहे. बाजारात स्वस्तात मिळणारी, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तर रॅकमध्ये शिरूच देऊ नये; शुद्ध तांब्यापेक्षा तिचा विद्युतरोध जास्त असतो आणि तार वाकवताना लवकर तुटते.

लांबीची मर्यादा १०० मीटर आहे आणि तीत दोन्ही टोकांच्या पॅच केबलही मोजल्या जातात. १० गिगाबिटसाठी कॅट-६ केबल साधारण ५५ मीटरपर्यंतच धरावी. त्यापुढे कॅट-६ए लागते.

तपासताना एका वेळी एकच वस्तू बदलावी. केबल, पोर्ट आणि मॉड्यूल (पोर्टमध्ये बसवायचा, विद्युत संकेताचा प्रकाश करणारा भाग) एकदम बदलल्यास जोडणी सुरू होते, पण दोषी वस्तू चांगल्या सामानात परत जाते आणि महिन्याभराने दुसऱ्या सर्व्हरला लागते.

वेग आणि डुप्लेक्स

‘दोन्हीकडे वेग हाताने पक्का करा’ हा जुना सल्ला अजून ऐकू येतो. तांब्याच्या गिगाबिट जोडणीत तो लागू नाही, कारण तिथे स्वयंवाटाघाट (दोन्ही टोकांनी वेग आपसांत आपोआप ठरवणे) प्रमाणातच अनिवार्य आहे: कोणत्या टोकाने घड्याळाचा ताल द्यायचा हे त्या वाटाघाटीतूनच ठरते. खरा गोंधळ १०० मेगाबिटच्या जोडणीत होतो. स्विच १०० फुल डुप्लेक्सवर पक्का केला आणि सर्व्हर स्वयंचलित ठेवला, तर सर्व्हरला समोरचा वेग ओळखता येतो पण डुप्लेक्स ओळखता येत नाही, आणि नियमाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स धरतो. मग हाफ बाजूला उशिराच्या टकरी आणि फुल बाजूला सीआरसी चुका वाढत जातात. दोन टोकांवर दोन वेगळ्या जातीच्या चुका दिसल्या, की हा दोष जवळजवळ निश्चित समजावा. उपाय म्हणजे दोन्ही टोके स्वयंचलित ठेवणे. एक टोक पक्के करणे भागच असेल तर दुसरेही तसेच पक्के करावे.

फायबर, मॉड्यूल आणि डीएसी

फायबरमध्ये लिंक न येण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे दोन तंतूंची अदलाबदल. एका टोकाची पाठवण्याची बाजू दुसऱ्या टोकाच्या घेण्याच्या बाजूस मिळाली पाहिजे. पॅच पॅनेल मध्ये आले की ही जुळणी सहज उलटते. एलसी कनेक्टरचे दोन तंतू एका टोकाला उलटून पाहण्यास अर्धे मिनिट लागते. कोणत्याही परिस्थितीत तंतूत किंवा मॉड्यूलमध्ये डोळा लावून प्रकाश शोधू नये. हा लेझर अवरक्त असल्यामुळे दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

प्रकाश मोजण्याचे काम मॉड्यूल स्वतः करते. ‘ईथटूल’ला लहान ‘एम’ पर्याय दिला की तापमान, पाठवलेली शक्ती आणि मिळालेली शक्ती डीबीएम या एककात दिसते. स्विचवरही ट्रान्सिव्हरच्या तपशिलात हेच आकडे असतात. १० गिगाबिट एसआर (कमी अंतराच्या) मॉड्यूलला किमान उणे ९.९ आणि एलआर (लांब अंतराच्या) मॉड्यूलला किमान उणे १४.४ डीबीएम शक्ती मिळायला हवी. उणे ३० किंवा उणे ४० सारखा आकडा दिसला तर व्यवहारात प्रकाश येतच नाही असे समजावे. चारही आकडे शेजारी मांडले की दिशा लगेच कळते: सर्व्हरची पाठवणी ठीक, स्विचची घेणी क्षीण, आणि उलट दिशा निरोगी असेल, तर दोष त्या एकाच तंतूत किंवा त्याच्या कनेक्टरच्या तोंडावरच्या धुळीत आहे. कनेक्टर दरवेळी बसवण्यापूर्वी योग्य साधनाने पुसावा; शर्टाच्या टोकाने पुसणे म्हणजे घाण पसरवणे.

मॉड्यूलची जातही जुळली पाहिजे. एसआर ८५० नॅनोमीटरवर मल्टिमोड तंतूत चालते, एलआर १३१० नॅनोमीटरवर सिंगलमोड तंतूत. मॉड्यूल कार्डाने स्वीकारलेच नाही तर तसे कर्नलच्या लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेले असते. इंटेलच्या १० गिगाबिट कार्डांच्या ‘आयएक्सजीबीई’ ड्रायव्हरमध्ये अमान्य मॉड्यूल चालू देण्याचा पर्याय आहे, आणि काही स्विचवरही तशी कमांड असते. तपासापुरते ते वापरावे. उत्पादनात चालणाऱ्या सर्व्हरवर कार्ड-निर्मात्याच्या यादीतील मॉड्यूल बसवणेच शहाणपणाचे आहे.

२५ गिगाबिटवर आल्यानंतर एक नवे कारण सामील होते, आणि त्याने अनुभवी माणसेही चकतात. या वेगाला वाटेतील चुका दुरुस्त करणारी एफईसी ही व्यवस्था वापरली जाते. तिचे फायरकोड आणि आरएस असे दोन प्रकार आहेत आणि ती बंदही ठेवता येते. एका टोकाला आरएस आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही अशी स्थिती असेल, तर केबल उत्तम, प्रकाश भरपूर, मॉड्यूल मान्य, आणि तरीही लिंक येत नाही. ‘ईथटूल’च्या ‘शो-एफईसी’ पर्यायाने सर्व्हरची बाजू पाहावी आणि स्विचवर तेच ठरवावे. एसआर मॉड्यूलला आणि ३ मीटरहून लांब डीएसी केबलला (दोन्ही टोकांना मॉड्यूल कायमचे जोडलेल्या तांब्याच्या केबलला) आरएस प्रकार लागतो. याशिवाय २५ गिगाबिटच्या पोर्टमध्ये १० गिगाबिटचे मॉड्यूल बसवल्यावर स्विचवर वेग हाताने बदलावा लागू शकतो, आणि अनेक स्विचवर शेजारच्या चार पोर्टांचा गट एकाच वेगाने चालत असल्याने तो बदल शेजारच्या तीन सर्व्हरांनाही भोवतो. म्हणून आधी गट पाहावा.

लिंक आहे, पण संवाद नाही

येथे सर्वांत उपयोगी प्रश्न असा की सर्व्हरचा मॅक पत्ता स्विचच्या तक्त्यात, त्याच पोर्टवर आणि योग्य व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळ्या केलेल्या आभासी नेटवर्कमध्ये) दिसतो का. दिसत नसेल तर सर्व्हरच्या फ्रेम स्विचपर्यंत पोहोचत नाहीत किंवा पोर्ट त्या स्वीकारत नाही. वेगळ्याच व्हीलॅनमध्ये दिसला तर टॅगची (फ्रेमवर लावलेल्या व्हीलॅन क्रमांकाची) जुळणी चुकली आहे: सर्व्हर टॅग लावतो आणि पोर्ट ॲक्सेस प्रकारचे (एकाच व्हीलॅनचे) आहे, किंवा सर्व्हर टॅगशिवाय पाठवतो आणि पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅनचे) असल्यामुळे त्या फ्रेम नेटिव्ह (टॅग नसलेल्या फ्रेमसाठीच्या) व्हीलॅनमध्ये जाऊन पडतात. सर्व्हरवर ‘टीसीपीडम्प’ला ‘ई’ पर्याय देऊन मूळ इंटरफेसवर काही मिनिटे ऐकल्यास येणाऱ्या प्रसारण फ्रेमवर कोणते टॅग आहेत हे दिसते, आणि बहुतेक वेळा वाद तिथेच मिटतो. ‘आयपी नेबर’मध्ये गेटवेसमोर ‘फेल्ड’ किंवा ‘इनकम्प्लीट’ असेल तर दोष आयपीच्या खालच्या थरात आहे. फायरवॉल उघडून काही मिळणार नाही.

नेटवर्कवरून इन्स्टॉल होणारा सर्व्हर पहिल्या प्रयत्नात डीएचसीपी पत्ता (आपोआप दिला जाणारा आयपी पत्ता) मिळवू शकत नसेल, तर स्पॅनिंग ट्री तपासावा. पारंपरिक स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट वाहतूक सुरू करण्यापूर्वी १५-१५ सेकंदांच्या दोन अवस्थांतून जाते आणि त्या ३० सेकंदांत सर्व्हरचा धीर संपतो. सर्व्हरचे पोर्ट एज प्रकारचे (ज्यापुढे दुसरा स्विच नाही असे) ठरवले की हा विलंब जातो.

दोन किंवा अधिक पोर्ट एकत्र बांधलेले असतील तर ‘प्रॉक’ फाइलप्रणालीतील बाँडिंगची फाइल संपूर्ण वाचावी. एलएसीपीमध्ये (बांधलेल्या पोर्टांबद्दल दोन्ही टोकांनी बोलण्याच्या पद्धतीत) समोरच्या भागीदाराचा मॅक पत्ता सगळी शून्ये दिसला, तर स्विच एलएसीपी बोलतच नाही. त्या पोर्टांचा गट तिकडे बनवलेला नाही किंवा तो एलएसीपीशिवाय जबरदस्तीने बांधलेला आहे. दोन पोर्टांचे ॲग्रिगेटर (गटाचे) क्रमांक वेगळे दिसले, तर दोन केबल दोन वेगळ्या गटांत, किंवा जोडी म्हणून न बांधलेल्या दोन वेगळ्या स्विचमध्ये गेल्या आहेत. याची खूण अशी की काही पत्त्यांशी संवाद नीट होतो आणि काहींशी अजिबात होत नाही. तसेच, १० गिगाबिटची दोन पोर्ट बांधल्यावर एका फाइलची नक्कल २० गिगाबिटने होईल ही अपेक्षा चुकीची आहे. एक प्रवाह एकाच केबलवरून जातो आणि यात काहीही बिघडलेले नसते.

पिंग चालते, एसएसएच (दूरस्थ लॉगिन) मात्र किल्ल्यांच्या देवघेवीत अडकते आणि एनएफएस (नेटवर्कवरून फाइल वाटणारी व्यवस्था) लटकते, असे झाले तर एमटीयू (एका फ्रेममध्ये मावणारी कमाल माहिती) तपासावा. सर्व्हरवर ९००० असेल तर खंड पाडण्यास मनाई करून ८९७२ बाइटांचा पिंग पाठवावा. उरलेले २८ बाइट आयपी आणि आयसीएमपीच्या शीर्षकांचे असतात. हा पिंग अडला आणि १४७२ चा गेला, तर वाटेतील एखादे पोर्ट मोठ्या फ्रेमसाठी तयार नाही.

अधूनमधून तुटणे आणि चुकांचे वाचन

हा भाग सर्वांत चिवट आहे आणि येथे आकड्यांपेक्षा आकड्यांची वाढ महत्त्वाची असते. सहा महिन्यांत साचलेल्या दहा हजार सीआरसी चुका निरर्थक असू शकतात; पाच मिनिटांत वाढलेल्या दहा चुका नाहीत. म्हणून दोन्ही टोकांची मोजणी ठरावीक अंतराने दोनदा घ्यावी. सीआरसी चूक घेणाऱ्याकडे नोंदली जाते, त्यामुळे सर्व्हरवर ती वाढत असेल तर स्विचचा पाठवणारा भाग, केबल किंवा सर्व्हरचा घेणारा भाग यांतच शोध घ्यावा. एक अपवाद लक्षात ठेवावा: काही स्विच फ्रेम पूर्ण हाती येण्याआधीच ती पुढे ढकलू लागतात, त्यामुळे दुसऱ्याच पोर्टवर बिघडलेली फ्रेम तशीच आपल्या सर्व्हरपर्यंत येऊ शकते. आपली केबल दोनदा बदलूनही चुका त्याच गतीने वाढत असतील, तर स्विचच्या इतर पोर्टांवर आत येणाऱ्या सीआरसी चुका पाहाव्यात.

‘मिस्ड’ किंवा बफर अपुरा पडल्याची मोजणी वाढत असेल तर केबलशी तिचा संबंध नाही. फ्रेम नीट पोहोचली, पण सर्व्हरने ती वेळेत उचलली नाही. ‘ईथटूल’च्या लहान ‘जी’ पर्यायाने रिंग बफरची (आलेल्या फ्रेम तात्पुरत्या ठेवण्याच्या जागेची) सध्याची व कमाल मर्यादा पाहून ती वाढवावी आणि इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेल्या सूचना) एकाच प्रोसेसरवर तर पडत नाहीत ना, हे तपासावे. स्विचच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला टाकून दिलेल्या फ्रेम मोजल्या जात असतील तर ती गर्दी आहे, बिघाड नाही.

लिंक किती वेळा तुटली हे ‘सिस’ फाइलप्रणालीतील ‘कॅरिअर चेंजेस’ या आकड्यात साठते. तुटण्याच्या वेळा एका कागदावर मांडाव्यात. त्या रॅकमध्ये कोणी काम करत असतानाच्या असतील तर केबल ताणलेली किंवा खटका मोडलेला आहे. वाहतूक थंडावण्याच्या वेळी असतील तर वीज वाचवणारी ईईई सुविधा दोन्ही टोकांवर बंद करून पाहावी. दुपारच्या उष्म्यात असतील तर मॉड्यूलचे तापमान नोंदवावे. फर्मवेअर अद्ययावत करण्याआधी निर्मात्याच्या बदलांच्या नोंदीत आपले लक्षण आहे का ते वाचावे, आणि जुनी आवृत्ती हाताशी ठेवावी.

दुरुस्तीनंतर ‘आयपर्फ३’ या वेग मोजणाऱ्या साधनाने दोन्ही दिशांनी, वेगवेगळा, किमान दहा मिनिटे भार द्यावा आणि चुकांची मोजणी पुन्हा दोनदा घ्यावी, कारण एकाच दिशेची चाचणी एका तंतूचा किंवा एका जोडीचा दोष सहज लपवते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आकडे पुन्हा पाहावेत. तपासासाठी बदललेली प्रत्येक तात्पुरती सेटिंग, मग ती पक्का केलेला वेग असो, बंद केलेली ईईई असो किंवा अमान्य मॉड्यूलला दिलेली मुभा असो, तिची गरज उरली नसेल तर मूळ स्थितीत आणावी. स्विचवरील बदल जतन केल्याची खात्री करावी, बदललेल्या केबलवर दोन्ही टोकांना लेबल लावावे, आणि काढलेली केबल कापून टाकावी, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या हाती लागणार नाही.